उन्नीस-बीस

समोर काहीही आलं की ते आधी अंगठ्याने दाबून बघायचे. सायकलचं टायर, पपई, पावाची लादी, ऑफिसात आलेल्या नव्या खुर्चीची गादी. एकदा दाबायचे, मान जराशी वाकडी करायचे, पुन्हा दाबायचे आणि म्हणायचे, "सोचून सांगतो."

इंदूरचं मराठी असंच आहे, त्याला इलाज नाही. आम्ही विचार करत नाही, सोचतो. पुण्याहून आलेले पाहुणे कानांवर हात ठेवतात, आणि आम्ही त्यांना आणखी एक प्लेट पोहे वाढतो. पण बाकीचे इंदूरकर सोचून कधीतरी सांगतात तरी. हे सोचायचे आणि सोचतच राहायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहू का, असं विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते तुम्हाला आता कळलंच आहे, आणि हा मजकूर माझ्या तेराव्याला छापून आला असता. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. तेवढं पुरे.

पोलोग्राउंडला आमचं ऑफिस. वडील फौजेत होते म्हणून भाऊ महूच्या छावणीत वाढलेले, पण नोकरी इथे, आणि घर आमच्याच बिल्डिंगीत, एक मजला वर. ऑफिसात ते खरेदी विभागात होते. ज्या माणसाला स्वतःसाठी रुमाल घेता येत नाही त्याला खरेदीत कोणी बसवलं देव जाणे. भाऊंनी मागवलेले पंखे उन्हाळा उलटून गेल्यावर यायचे. साहेब कपाळावर हात मारून घ्यायचे. पण एक सांगते, ते पंखे अजून चालू आहेत आणि साहेबांनी घाईत मागवलेला कूलर पहिल्याच वर्षी गळायला लागला.

कोपऱ्यावर पोह्यांची गाडी होती. पोह्यांवर सेव जाडी की बारीक, एवढाच सवाल असायचा. भाऊ दोन्ही बरण्यांकडे बघत उभे. मागे लाईन वाढत चाललेली. गाडीवाला एकदा म्हणाला, "अंकल, आज का पोहा है, आज ही खाना पड़ेगा." शेवटी मी मागून हात लांब करून सांगायची, "बारीक डाल दो भिया." भाऊंच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसायची की काय सांगू. "थँक्यू ताई. बारीकच पाहिजे होती." जाडी सांगितली असती तर जाडीच पाहिजे असती.

घरी हे काम वहिनी करायच्या. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी, शाळेत गणित शिकवायच्या. शर्ट कुठला, भाजी कुठली, सुट्टीत कुठे जायचं, सगळं त्या ठरवायच्या आणि भाऊ मजेत असायचे. दोघांना सायकलचं वेड. रविवारी सकाळी डोंगराळ रस्त्यांच्या त्या जाड टायरांच्या गिअरवाल्या सायकली काढून दोघं निघायचे. वहिनी पुढे, भाऊ मागे. चढ आला की पुढून आवाज यायचा, "हलका टाका." उतार आला की, "आता जड." भाऊ गिअर टाकायचे. आम्ही त्यांना हसायचो. माझा नवरा म्हणायचा, भाऊंच्या सायकलला गिअर हँडलवर नाहीत, पुढच्या सायकलवर आहेत.

वहिनी गेल्या तेव्हा कोणाला काही कळायच्या आतच सगळं आटोपलं. दुखणं निघालं आणि एका पावसाळ्यात संपलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी डबा घेऊन वर गेले, तर बाल्कनीत वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यावर भाऊंची सायकल उलटी करून ठेवलेली. गिअरच्या तारा काढलेल्या, हँडलवरचे खटके काढलेले, मागची चक्रांची चळत काढून बुटांच्या खोक्यात. मला वाटलं, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला.

"भाऊ, हे काय आरंभलंय?"

"सब निकाल रहा हूँ. एकच गिअर ठेवतो. सोपं पडेल." ते हाताला लागलेलं चेनचं काळं पुसत बसले, आणि मग मान वर न करता म्हणाले, "गिअर ती सांगायची ना, ताई."

मी डबा उघडून ठेवला, भाजी गरम आहे तोवर खा म्हटलं आणि जिन्यात येऊन रडले.

आता तुम्ही म्हणाल, एकच गिअर, म्हणजे कटकट मिटली. मलाही तसंच वाटलं होतं. पण एकच ठेवायचा तर तो कुठला, हे एकदा तरी ठरवायला नको? आणि ते ठरवायला बसले होते भाऊ. मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चहाला बोलावून बोलावून त्यांनी मला शिकवलं. पेडलपाशी एक मोठं दातेरी चक्र असतं आणि मागच्या चाकाला एक छोटं. मागच्याला दात जास्त असले की चढ हलका जातो, पण सपाट रस्त्यावर पाय शिवणाच्या मशीनसारखे नुसते फिरतात आणि सायकल काही पुढे सरकत नाही. दात कमी असले की सपाटीवर मजा, पण चढाला गुडघे रडतात. गिअरवाल्याला दोन्ही मिळतं. एकवाल्याने घरूनच ठरवून निघायचं की आज आपल्याला काय सोसायचंय.

"आधी चढ सांगा, मग दात सांगतो," असं ते सगळ्यांना म्हणायचे. एकदा लग्नात कोणा बाईंनी हे अर्धवट ऐकलं आणि त्या आपल्या सुनेची अक्कलदाढ घेऊन भाऊंकडे आल्या. भाऊंनी, खोटं नाही सांगत, त्यावरही विचार केला.

शेवटी अठरा दातांवर गाडी आली. कशी आली ते विचारू नका, मी त्या काळात चहा सोडला होता. पण आली, आणि मग रविवारी आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर जायला लागलो. माझ्या सायकलला एकवीस गिअर आहेत, त्यातले मी तीन वापरते. नवरा सगळे वापरतो आणि तरी मागे राहतो.

टायरांचाही असाच घोळ. आपल्या माळव्याची काळी माती तुम्हाला माहीत आहेच. कोरडी असताना फरशी आणि ओली झाली की डिंक. देपालपुरच्या बाजूला सोयाबीन निघाल्यावर आम्ही शेतातल्या रस्त्याने गेलो. भाऊंनी खूप सोचून रुंद, रबराच्या दाट गोट्यांची टायरं लावली होती. आदल्या रात्री तिकडे पाऊस झालेला. पाच मिनिटांत गोट्यांमधल्या फटी चिखलाने भरल्या, मग टायर दिसेनासं झालं, मग चाक फिरायचंच बंद झालं. तिघांनी सायकली खांद्यावर घेतल्या. समोरून ट्रॅक्टर आला. वरचा शेतकरी थांबला, आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तम सायकल पे जई रिया हो के सायकल तमारा पे?"

भाऊ चिखलात उभे राहून यावर सोचायला लागले. मी म्हटलं, "भाऊ, चला."

त्यानंतर पुढे दूर दूर गोट्यांचं टायर आलं, म्हणजे चिखल गळून पडावा, आणि मागे जरा सपाट, हलकं. हवा मात्र दर रविवारी नव्याने ठरायची. मुरुमाचा रस्ता असला की हवा कमी, म्हणजे टायर दगड पोटात घेतं आणि घसरत नाही. डांबर असलं की जास्त. त्यांच्याकडे मीटर होतं पण विश्वास अंगठ्यावर. माझीही टायरं दाबायचे. "मागची जरा कमी करा, ताई." हे एक वाक्य ते सोचल्याशिवाय बोलायचे.

आणि एक नियम होता. चढ चढताना पाय टेकायचा नाही. धापा टाका, वेडेवाकडे जा, शिव्या द्या, पण पाय जमिनीला लागता कामा नये. "पाय टेकला की हात टेकले," असं ते म्हणायचे. मी प्रत्येक चढावर पाय टेकायची आणि वर म्हणायची, माझे हात हँडलवरच आहेत बघा.

मग भाऊ रिटायर झाले. गुडघे कुरकुरायला लागले. जिना उतरताना कठडा धरायला लागले, आणि एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन मधल्या पायरीवर बसलेले मला दिसले. पुण्याला त्यांची मुलगी असते, नोकरी करते, तिला दोन वर्षांची मुलगी. भाऊंच्या मुलीला हे गुडघ्यांचं कोणीतरी सांगितलं. कोणीतरी म्हणजे मीच. तिने फोनवर सरळ म्हटलं, "बाबा, आता एकटं राहायचं नाही. इकडे या."

झालं. भाऊंपुढे दोन बरण्या आल्या. इंदूर की पुणे. आणि या वेळी मागून हात लांब करायला मी तयार नव्हते, कारण मला ते जायला नको होते. सरळ सांगते. रविवार गेला असता, वरच्या मजल्यावरची ती चेनची घरघर गेली असती, आणि मला आता या वयात नवा शेजारी शिकायचा नव्हता. नवरा म्हणाला, तू काही बोलू नकोस. मी बोलले नाही. पण डब्यात सारखं त्यांच्या आवडीचं भरीत जायला लागलं.

मुलीचा फोन दर संध्याकाळी यायचा. भाऊ तिलाही तेच सांगायचे. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली, दिवाळीच्या आत सांगा. तेव्हा भाऊंनी तोड काढली. महूच्या पुढे एक टेकडी आहे, वर चबुतरा आणि झेंडा, जायला मुरुमाचा चढाचा रस्ता. आम्ही तिला नुसती टेकडी म्हणायचो. गुडघे बिघडल्यापासून भाऊ तिच्या वाटेला गेले नव्हते.

"टेकडी चढतो," ते म्हणाले. "पाय न टेकता वर गेलो, तर गुडघे शाबूत आहेत, एकटा राहू शकतो. मग इथेच. पाय टेकला, तर पुणे."

मला हे फार आवडलं. मी लगेच म्हटलं, "मग मागे बावीस दात लावा. चोवीस लावा."

"ती फसवाफसवी झाली, ताई."

अठरा आता झेपणार नव्हते, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी इथल्या बाजारातून वीस दातांचं चक्र आणलं. लावून बघितलं. म्हणाले, जरा जास्तच हलकं वाटतं, चढलो तरी स्वतःला खरं वाटणार नाही. मग एकोणीस पाहिजे झालं. इंदुरात अठरा मिळतं, वीस मिळतं, एकोणीस काही मिळेना. दुकानदार हात जोडून म्हणाला, "अंकल, उन्नीस-बीस का तो फर्क है."

दुकानातले सगळे हसले. त्याने हे फरक नाही या अर्थाने म्हटलं होतं, आपण सगळे म्हणतो तसंच. भाऊंनी मात्र गंभीरपणे मान हलवली. "वही तो फर्क है, भिया."

एकोणीसचं पुण्याहून आलं, मुलीने पाठवलं. बाबा कशासाठी मागताहेत हे तिला ठाऊक नव्हतं. "बाबा, इथे सगळं मिळतं," एवढं मात्र तिने फोनवर ऐकवलं. तर आता वीस इंदूरचं आणि एकोणीस पुण्याचं. मी मनात हिशोब केला की भाऊंनी वीस लावलं तर त्यांना राहायचं आहे आणि एकोणीस लावलं तर जायचं आहे. सारखं विचारत राहिले, कुठलं लावणार. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सायकली गाडीवर बांधून आम्ही तिघं टेकडीच्या पायथ्याशी गेलो. सकाळचा गारवा होता. भाऊंच्या मागच्या चक्राला ग्रीस माखलेलं, त्यामुळे बघून काही कळेना. चहा घेतला. चहावाल्याने आमचं वय बघून विचारलं, "माथा टेकने आए हो, अंकल?"

भाऊ मान वाकडी करून थांबले. मग म्हणाले, "नहीं भिया. पैर नहीं टेकने आए हैं."

त्याला काही समजलं नाही. त्याने चहात साखर जास्त टाकली.

भाऊंनी दोन्ही टायरं दाबली. मागची थोडी हवा सोडली, पुन्हा दाबली, आणखी थोडी सोडली. मग माझी दाबली. मग निघाले.

एक गिअरवाल्याला हळू जायची सोय नसते. हळू झाला की थांबला, आणि थांबला की पाय टेकला. म्हणून भाऊ पहिल्या वळणापासूनच पेडलवर उभे राहिले आणि पुढे गेले. नवरा मध्यावर उतरला आणि सायकल ढकलत चालायला लागला. मी माझ्या सगळ्यात हलक्या गिअरवर मागे मागे, आणि माझं सगळं लक्ष भाऊंच्या पायांकडे. सायकल डावीकडे झुकायची, मग उजवीकडे. प्रत्येक फेऱ्याला त्यांच्या तोंडून एक आवाज येत होता, जड कपाट सरकवताना येतो तसा. एका ठिकाणी मला वाटलं, गेले. पण नाही गेले.

शेवटच्या वळणावर मुरूम सुटा झालेला असतो. तिथे मागचं चाक जागच्या जागी फिरलं. भाऊ चटकन मागे सरकून बसले, सगळं वजन मागच्या टायरवर टाकलं, आणि त्या हवा सोडलेल्या टायरने जमीन धरली. दोन फेरे, तीन फेरे, आणि झेंडा. वर चबुतऱ्याला हात लावून सायकलवर बसूनच त्यांनी मागे बघितलं. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही, पण चबुतऱ्यापाशी बसलेलं कुत्रं उठून गेलं.

राहिले आमचे भाऊ इंदुरात, हाच विचार माझ्या डोक्यात. दुसऱ्या दिवशीच्या डब्याचं भरीतही मी तिथेच ठरवून टाकलं. भाऊ चबुतऱ्यावर बसून पाणी पीत होते. मी त्यांची सायकल आडवी केली, रुमालाने ग्रीस पुसलं आणि एका दाताला बोट लावून मोजायला लागले. दोनदा मोजले.

"एकोणीस?"

"हं."

"पुण्याचं लावून इंदूर जिंकलात की हो भाऊ."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "ताई, मी पुण्याला जातो."

मला वाटलं, उंचीवर दम लागून माणूस काहीतरी बोलतो. "पण पाय टेकला नाही तुम्ही. मी बघितलंय."

"म्हणूनच. खाली होतो तोपर्यंत मीही तेच सोचत होतो, टेकला तर जायचं. पण पाय टेकून गेलो असतो, तर हात टेकून गेलो असतो. थकला म्हातारा, नेऊन टाका पोरीच्या दारात. तसं नाही जायचं मला. आता गुडघे चालतात तोवर जातो. नातीला सायकल शिकवतो."

इतक्या वर्षांत हा माणूस एवढं सलग बोललेला मी ऐकला नव्हता. आणि शेवटी "सोचून सांगतो" आलंच नाही. मी वाट बघत होते.

मला राग आला. खरंच आला. "मग एवढं चढायचं कशाला? घरी बसून सांगितलं असतं तरी चाललं असतं." भाऊ हसले. म्हणाले, "घरी बसून कधी सांगितलंय का मी?" तोवर माझा नवरा सायकल ढकलत वर पोचला आणि त्याने विचारलं, काय झालं, टेकला का? मी म्हटलं, नाही. तो टाळ्या वाजवायला लागला आणि मी रडत होते, तर त्याला वाटलं आनंदाने.

सामान ट्रकमध्ये चढलं त्या दिवशी भाऊंनी सायकल जुन्या चादरीत गुंडाळून सगळ्यात शेवटी चढवली. मग खाली पार्किंगमध्ये येऊन त्यांनी माझ्या सायकलची दोन्ही टायरं दाबली. "मागची जरा कमी करा, ताई." मी मान हलवली. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं वीस दातांचं चक्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे इथेच राहू द्या. इकडे आलो की लागेल. आता एकोणीसने नाही चढवणार टेकडी."

"कधी येणार?"

त्यांनी मान जराशी वाकडी केली. वर, त्यांच्या रिकाम्या बाल्कनीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सोचून सांगतो," म्हणाले.

पोहेवाला अजून विचारतो, अंकल नहीं आए क्या. मी बारीक सेव घेते आणि सोच रहे हैं म्हणून सांगते. ते चक्र आमच्या बाल्कनीत खिळ्याला टांगलेलं आहे. गंज धरू नये म्हणून मी त्याला अधूनमधून तेल लावते.